दहिवलीचे गार्डअण्णा

शिट्टी वाजली की आमच्या आळीतल्या बायका भाताचं आधण ठेवायच्या. ही शिट्टी गाडीची नव्हे. कर्जत स्टेशन नदीपलीकडे, तिथल्या शिट्ट्या दिवसभर वाजतच असायच्या, त्यांच्याकडे कोण लक्ष देणार? ही शिट्टी आमच्या घरमालकांची. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी झेंडे, कंदील सगळं परत केलं, पण एक जादा शिट्टी त्यांच्यापाशी राहून गेली. ती गळ्यात अडकवूनच ते सकाळी परसात उतरायचे. ऊन चढलं की एक लांब शिट्टी, म्हणजे बागकाम संपलं, आता वाचन. उन्हं उतरली की दुसरी, म्हणजे पुस्तक मिटलं, आता विणकाम. दिवेलागणीला तिसरी. ती मात्र हळू वाजायची, एखाद्यानं स्वतःशीच पुटपुटावं तशी.

अख्खं दहिवली त्यांना गार्डअण्णा म्हणायचं. मीही अण्णाच म्हणायची. पूर्ण नाव मला ठाऊक आहे, पण ते लिहिलं तर मी कुणा परक्या माणसाबद्दल लिहितेय असं वाटेल.

लढाईचे दिवस होते. यांना कर्जतला पार्सल ऑफिसात नोकरी लागली आणि खालापूरकडच्या आमच्या गावाहून आम्ही अण्णांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी विशीचीही नव्हते. आमची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती आणि त्याला फार दिवस झाले नव्हते. सासूबाईंनी घरात बजावून ठेवलं होतं की गेल्याचं नाव काढायचं नाही, काढलं तर पुढचं टिकत नाही. त्यामुळे कुणीच काढत नसे. हेसुद्धा नाहीत.

पहिल्या दिवशी ट्रंक आणि वळकट्या घेऊन आलो तेव्हा अण्णा पडवीत आरामखुर्चीवर बसून स्वेटर विणत होते. मी यांच्या पाठीमागे सरकले. पुरुषमाणसाच्या हातात सुया मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पांढऱ्या भरघोस मिशा, धोतर पोटरीपर्यंत खोचलेलं, पायांना परसातली माती, आणि मांडीवर तपकिरी लोकरीचा गुंडा. वर न बघता ते म्हणाले, "ओळ संपेपर्यंत थांबा. मधेच सोडली की टाका निसटतो."

आम्ही थांबलो. ओळ संपल्यावर त्यांनी सुया गुंड्यात खोचल्या, उठून किल्ली दिली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हिला झाडांचं वेड आहे का? नसलं तरी चालेल. पण असलं तर बरं."

विणकाम ते मालगाडीत शिकले. गार्डाचा डबा सगळ्यात शेवटचा. घाटात गाडी सिग्नलला उभी राहिली की तासन् तास उभी. आजूबाजूला दरी, पाऊस, धुकं, बोलायला माणूस नाही. बरोबरचे गार्ड विड्या ओढायचे, नाहीतर झोपा काढायचे आणि ठपका घ्यायचे. रेल्वेच्या चाळीत एका गोऱ्या ड्रायव्हरची म्हातारी विधवा राहायची, तिच्याकडून अण्णांनी सुलट-उलट टाके शिकून घेतले. बदल्यात तिच्या कुंड्यांना खत घालून दिलं. "तिला मराठी येत नव्हतं आणि माझं इंग्रजी रेल्वेपुरतं," ते सांगायचे. "पण टाका चुकला की ती माझ्या बोटावर सुई मारायची. भाषा कशाला लागते?"

सुया त्यांनी स्वतः केलेल्या होत्या, मोडक्या छत्रीच्या काड्या घासून. लढाईमुळे बाजारात लोकरही मिळत नसे. मग ते बैलगाडीनं नेरळच्या बाजारात जाऊन माथेरानच्या बंगल्यांतून खाली आलेले जुने, कसर लागलेले स्वेटर शोधून आणायचे. आणले की उसवायचे, लोकर धुवायची, परसातल्या दोरीवर वाळत घालायची, गुंडे करायचे आणि पुन्हा विणायला घ्यायचे. एकाच स्वेटरात तीन-चार रंग यायचे. बाही हिरवी, पाठ तपकिरी.

सरपण घेऊन येणारी चिंधी तोंडाची फटकळ. ती मोळी टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "अण्णा, ह्या कर्जतात घामानं जीव जातोय आन् तुमी सुटर इणताय. घालनार कोन? तुमचं आंब्याचं झाड?"

"घाटातले सिग्नल केबिनवाले घालतात गं. वर ये एकदा पावसात, मग सांग."

"आन् ह्ये बायकांचं काम तुमच्या हाताला सोभतं व्हय?"

"हाताला विचारलं मी. त्याची काही तक्रार नाही."

चिंधी हसायची आणि जाताना एखादं लिंबू नाहीतर मूठभर मिरच्या पदरात टाकून न्यायची. दिसलं तरी अण्णा न दिसल्यासारखं करायचे.

त्यांच्या परसात सगळं होतं. मोरीच्या पाण्यावर अळू, मांडवावर पडवळ, कुंपणाला अबोली. पण त्यांचा जीव गुलाबांवर. आमच्याकडच्या पावसात गुलाब टिकतो कुठे? मुळं कुजतात. अण्णांनी हार मानली नाही. पावसात लावणी करताना बायका डोक्यापाठीवर पानांचं इरलं घेतात ना, तशी छोटी छोटी इरली त्यांनी गावातल्या एका म्हाताऱ्याकडून करून घेतली आणि एकेका गुलाबाला एकेक चढवलं. आषाढात आमच्या परसात गुलाब असे वाकून रांगेत उभे असायचे, जणू लावणीलाच निघालेत. रस्त्यावरून जाणारे थांबून हसायचे. अण्णांना त्याचं काही नव्हतं. ते स्वतः भिजत फिरायचे, गुलाब कोरडे.

त्यांचा एक सिद्धांत होता. माणसाला एक नाद असला तर तो त्याला खातो, दोन असले तर ते आपसात भांडतात, तीन असले की तिसरा मध्यस्थी करतो. म्हणून त्यांना तीन लागायचे, आणि तिघांनाही सारखा वेळ. पुस्तक कितीही रंगलेलं असो, शिट्टीची वेळ झाली की खूण घालून मिटायचं. मी एकदा विचारलं, "अण्णा, पुढं काय झालं ते बघावंसं नाय वाटत?"

ते म्हणाले, "मी गार्ड. गाडीच्या पुढे काय आहे ते ड्रायव्हरला आधी कळतं, मला सगळ्यात शेवटी. जन्मभर तीच सवय. वाट बघण्यात वाईट काय आहे?"

मला त्यांनी शिकवायला घेतलं ते माझ्या झाडण्यामुळे. मी दिवसातून सतरा वेळा त्या दोन खोल्या झाडायची. केरसुणी खाली ठेवली की रिकामपण अंगावर यायचं. एका सकाळी अण्णा परसातून ओरडले, "अगं, जमीन झिजेल! इकडे ये. हे पडवळाचे वेल वर चढव. तुझा हात पातळ आहे, माझ्या बोटांनी मोडतात."

मग रोजचंच झालं. सकाळी मी वेल चढवायची, रहाटानं पाणी काढून द्यायची. संध्याकाळी छत्रीच्या काड्या हातात घेऊन पडवीच्या पायरीवर बसायची. माझा पहिला मफलर वर रुंद आणि खाली अरुंद झाला. अण्णांनी तो उलटसुलट करून बघितला. "हा कुणाच्या गळ्याला बसेल असा प्राणी अजून जन्माला यायचाय," म्हणाले, आणि सगळा उसवून लोकर माझ्या हातात परत दिली. "लोकर रागवत नाही. पुन्हा घे."

दुपार मात्र माझी रिकामीच होती. वाचनाला मी हात लावत नसे. मी चौथीपर्यंत शिकले होते, पण त्यानंतर डब्यावरच्या अक्षरांपलीकडे काही वाचलेलं नव्हतं. अण्णा आंब्याखाली खुर्ची टाकून वाचत बसायचे आणि मी खिडकीतून नुसती बघायची.

आमच्या दुसऱ्या पावसाळ्यानंतर मला दिसलं की ते पुस्तक नाकाला लावून वाचतात. मग उन्हात धरून. मग एक पान बराच वेळ उलटेचना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा मुंबईला असायचा, तो येऊन शस्त्रक्रियेचं बोलून गेला, पण डॉक्टर म्हणाले अजून पिकला नाही, वर्षभर थांबा. अण्णांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर नेहमीची शिट्टी वाजवली, खुर्चीवर बसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि ते मिटूनच बसून राहिले. दुसऱ्या शिट्टीपर्यंत तसेच. विणकाम त्यांना बोटांनी यायचं, माती हातानं कळायची. पण ती दुपारची वेळ त्यांनी दुसऱ्या कशालाच दिली नाही.

यांना ते बघवेना. एका रविवारी हे म्हणाले, "अण्णा, मी वाचून दाखवतो."

"नको. दुसऱ्याच्या तोंडानं वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं जेवणं."

 अण्णांनी मांडीवरचं पुस्तक चाचपलं. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "तू वाच. मोठ्यानं नाही, तुझ्यासाठी वाच. आणि मग मला सांग काय झालं ते. गोष्ट सांगतात तसं."

"मला नाय येत, अण्णा. माझं वाचन लय हळू हाय."

"मला कुठे गाडी पकडायचीय?"

असं माझं वाचन सुरू झालं. सकाळी वेलांचं झालं की मी पुस्तक घेऊन बसायची. बोट ठेवून एकेक ओळ. आधी पानापानाला मला घाम फुटायचा. मग हळूहळू अक्षरं दिसेनाशी झाली आणि माणसं दिसायला लागली. दुपारी अण्णांची शिट्टी झाली की मी आंब्याखाली जाऊन बसायची आणि वाचलेलं सांगायची. माझ्याच बोलीत. मला दुसरी बोली येतच नव्हती. राजा असो की बॅरिस्टर, माझ्या तोंडी सगळे "आमी नाय जात" असंच म्हणायचे. अण्णा मिशीत हसायचे. "सगळं जग खालापूर तालुक्यात आणून बसवलंस," म्हणायचे. पण चुकूनही त्यांनी माझा एक शब्द सुधारला नाही.

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात भरलेल्या दुपारी होत्या. आंब्यावर खारी पळायच्या. नदीकडून वारा यायचा. गोष्टीत माणसं मेली की मी थांबायची, अण्णा म्हणायचे, "पाणी पी." मी प्यायची आणि पुढे सांगायची.

दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. एका दुपारी त्यांनी दारातून आंब्याखालचा देखावा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "गडी मानूस सांच्याला सुया घेतंय आन् सून भर दुपारची बुक घेऊन गप्पा मारत्येय. ह्या घरात कामं कोन करतं गं?"

मी घाबरून उठले. अण्णांनी मला हातानंच बसवलं. "कामं झाली, वहिनी. तीही करते, मीही करतो. तुम्ही उन्हात उभ्या नका राहू. बसा."

"मी नाय बसत. तिला आत धाडा."

"धाडतो. पण एका पोरीला सासरच्यांनी पावसात घराबाहेर काढलंय. ती नदीपाशी उभी आहे. तिला आत घेतलं की ही येते."

सासूबाई तरातरा आत गेल्या. पण मी सांगायला लागले तशी आतली भांड्यांची आदळआपट थांबली. दुसऱ्या दिवशी त्या सुपारी कातरायचं निमित्त करून उंबऱ्यावर बसल्या, आमच्याकडे पाठ करून. तिसऱ्या दिवशी मी सांगताना अडखळले तर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आगं, त्या सासूचं काय जालं? तिला कुनी इचारलं का नाय?" पुस्तकात त्या सासूचं पुढे काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असं कसं? इचारायलाच पायजे." महिन्यानं गावी जाताना त्या अण्णांच्या पाया पडल्या आणि मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तुजं ते बुक. पन भात करपवू नको."

त्याच पोरीच्या गोष्टीचा शेवट मला जमला नाही. पुस्तकात ती वणवण करत परमुलखातल्या एका शहरात पोचते आणि तिथे धर्मशाळेत तापानं मरते. बापाला कळतसुद्धा नाही. मी ते पान सकाळी वाचलं आणि दुपारी अण्णांपुढे बसले, तेव्हा माझ्या तोंडून ते बाहेरच पडेना. मग मी तिला बरं केलं. गाडीत बसवलं. कर्जतलाच उतरवलं, आणि तिचा बाप तिला न्यायला स्टेशनावर आला असं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "छान," एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. शस्त्रक्रिया झाली. ते नव्हते त्या दिवसांत आळीतल्या बायकांचा भात कच्चा राहायचा नाहीतर गिच्च व्हायचा. मी बागेला पाणी घालायची, संध्याकाळी एकटीच विणायची, दुपारी मात्र पुस्तक उघडवत नसे. कुणाला सांगायचं म्हणून वाचायचं?

ते परत आले ते भिंगासारखा जाड चष्मा लावून. डोळे केवढे तरी मोठे दिसायचे. आल्या आल्या गुलाबांपाशी गेले, प्रत्येकाकडे वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघून थट्टेनं म्हणाले, "अरे, तू अशी दिसतेस होय? मला वाटलं होतं थोराड असशील." मी हसले. पण दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली आणि आंब्याखाली ते स्वतः पुस्तक उघडून वाचायला बसले, तेव्हा मी खिडकीत उभी राहिले आणि मला कळेना की मी आता काय करू. त्यांना दिसायला लागलं याचा मला आनंद होता. खरंच होता. तरी मी जाऊन पुन्हा खोली झाडली.

चारपाच दिवसांनी संध्याकाळी पायरीवर आम्ही विणत होतो. चिंधी मोळी टाकून गेली होती, हे अजून आले नव्हते. अण्णांनी ओळ संपवली, सुया खाली ठेवल्या.

"मी ती धर्मशाळेतली गोष्ट वाचली," ते म्हणाले. "ती मरते त्यात."

मी मान खाली घातली.

"तू तिला घरी आणलीस. पुस्तकवाल्यापेक्षा तुझं बरं आहे. पण मी विचार करत होतो. इतकी माणसं मेली गोष्टींमध्ये, सगळी तू सांगितलीस. हिलाच का नाही?"

मी लोकर बोटाला गुंडाळत राहिले. ते थांबले. त्यांना थांबता यायचं. मग म्हणाले, "आज पुस्तकातलं नको. तुझं सांग."

आणि मी सांगितलं. कुणी कधी विचारलं नव्हतं म्हणून मला कुठून सुरुवात करायची ते कळत नव्हतं. आमच्या गावची अंधारी खोली, वरून कोसळणारा पाऊस, नदीला पूर म्हणून सुईण उशिरा पोचली ते. तिचे केस कसे भरपूर होते ते. ती एकदाच जांभई देताना मला दिसली ते. तिला नेलं तेव्हा मला उठू दिलं नाही ते. कुठे पुरलं ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही ते. अण्णा मधे एकदाही "असू दे" म्हणाले नाहीत, "देवाची मर्जी" म्हणाले नाहीत. 

"नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"बारसं कुठं जालं, अण्णा?"

"बारसं नसेल झालं. तू मनात ठेवलं असशील की."

मी हो म्हटलं.

"सांग."

मी ते नाव पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं. अण्णांनी ते एकदा म्हणून बघितलं, सावकाश, एखाद्या नव्या माणसाची ओळख करून घेतात तसं. "चांगलं नाव आहे," म्हणाले. मग चष्मा काढून उपरण्यानं पुसत बसले. ते नाव मी नंतर कुणाला सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही.

त्यानंतर रोज दुपारी अर्धी वेळ ते स्वतः वाचायचे आणि अर्धी वेळ मी त्यांना सांगायची. पुस्तकातलं नव्हे. आमच्या गावातलं, माहेरचं, मनातलं. तिन्ही कामांना सारखा वेळ द्यायचा त्यांचा नियम त्यांनी एवढ्यापुरता मोडला.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी यांची बदली सोलापूरला झाली. निघताना मी पायावर डोकं ठेवलं तर अण्णा म्हणाले, "तिकडे पाऊस नाही. गुलाब छान येईल." बस, एवढंच. स्टेशनावर ते आले नाहीत. निवृत्त झाल्यापासून त्यांनी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवला नव्हता, दुसऱ्याच्या झेंड्यावर सुटणारी गाडी त्यांना बघवत नसे. शस्त्रक्रियेला जातानासुद्धा मुलानं त्यांना मोटारीनं नेलं होतं.

सोलापूरला मला दोन मुलगे झाले. घर, माणसं, पाहुणे यांत दिवस कसे गेले कळलं नाही. कर्जतला जायचं जायचं म्हणत राहिलो. शेवटी गावी एक लग्न निघालं आणि येताना वाट वाकडी करून आम्ही दहिवलीला गेलो.

अण्णा खूप वाळले होते, पण खुर्चीत ताठ बसलेले. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. चष्मा होता, पण त्यातून आता फारसं दिसत नसावं. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला, यांच्या पगाराची, बदलीची विचारपूस केली. आमच्या खोल्यांत नवं बिऱ्हाड आलं होतं. नवरा शाळेत मास्तर, बायको अगदी पोरसवदा, घाटावरची. ती माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि मग सवयीनं पायरीवर जाऊन बसली. तिच्या हातात सुया होत्या.

"अण्णा, पुन्हा चुकलं बघा," ती म्हणाली.

अण्णांनी न बघता हात पुढे केला, विणलेल्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीत. उसव. मग काय झालं ते पुढे सांग, तुझ्या आत्यानं म्हैस परत आणली का?"

ती हसून सांगायला लागली. माहेरची, आत्याची, म्हशीची कसली तरी लांबलचक गोष्ट. अण्णा मान हलवत ऐकत होते. मी चहा पीत बसले. मला त्यांच्याशी केवढं बोलायचं होतं, पण मधे तोंड घालवेना. गाडीची वेळ झाली तशी आम्ही उठलो.

नदीच्या पुलावर आल्यावर हे म्हणाले, "बरं झालं, अण्णांना सोबत आहे."

"हो," मी म्हटलं. "पोरगी गुणाची आहे."

"मग रडतेस कशाला?"

धाकट्याला कडेवर घेतलं आणि मी पुढे चालायला लागले.